आरसापेटी आणि दामलेसाहेब

दोष दामलेसाहेबांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी मलाच उपदेश करायला नको. उपदेश करणारे माझ्या घरी पुष्कळ आहेत, सगळे पन्नाशीच्या पुढचे.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि लोणावळ्याजवळच्या एका पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, तात्पुरता सहाय्यक म्हणून चिकटलो. आम्ही तिघंच: प्रमुख दामलेसाहेब, शिपाई भिकाआबा आणि मी. तीन माणसं आणि एक महागडं यंत्र एका बंद खोलीत ठेवलं की किस्से साचतातच. लोणावळ्यात चपलांवर बुरशी चढते ना, तसे. मुद्दाम काही करावं लागत नाही.

यंत्र म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. आम्ही नुसतं आयआर म्हणायचो. डबा गंजू नये म्हणून आतून लॅकरचा, म्हणजे एका वार्निशासारख्या रंगाचा, पातळ थर असतो, तो नीट बसलाय का हे त्यावर बघायचं. पण पत्र्यातून किरण आरपार जात नाहीत. म्हणून परदेशातून एक जोडसाधन मागवलेलं: आत छोटे आरसे बसवलेली वीतभर पेटी. तिच्या खिडकीवर पत्र्याचा तुकडा ठेवायचा. किरण खालून येतो, लॅकरमधून जाऊन पत्र्यावर आपटतो, परत फिरतो आणि पेन कागदावर रेघ काढतं. लॅकर असेल तर रेघ मधेमधे खड्ड्यात जाते. या पेटीला आम्ही आरसापेटी म्हणायचो.

आणि तात्पुरत्याचं कायम व्हायचं तर दामलेसाहेबांची सही लागायची. एवढं ध्यानात ठेवा.

*

आरसापेटी आली ती आठ महिने कपाटातच. कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला. पाहुणे आले की साहेब गळ्यातून हात घालून जानवं बाहेर ओढायचे, कपाट उघडायचे, पेटी दाखवायचे, परत कुलूप.

एकदा मुंबईच्या ऑफिसातल्या पाहुण्यांनी विचारलं, "रोज वापरता का?"

"वापरली तर खराब होईल ना," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी मान डोलावली. तेही साठीचेच होते.

*

शेवटी मुंबईहून दटावणीचं पत्र आलं तेव्हा पेटी बाहेर निघाली. पहिला नमुना साहेबांनी स्वतः ठेवला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. साहेबांनी लगेच रिपोर्ट लिहिला, लॅकर आढळले नाही, आणि सगळा माल अडवला.

अर्ध्या तासात सुपरवायझर डबा घेऊन हजर. "साहेब, आत हा पिवळा थर दिसतोय तो काय वरणाचा आहे?"

"यंत्र खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "तुकडा उलटा ठेवलाय. लॅकरची बाजू खाली हवी."

"चांगली बाजू कधी खाली घालतात का? बी.एस्सी. पुरं केलं असतंस तर कळलं असतं."

भिकाआबा कुसगावचे. दाराशी स्टुलावर बसून मघापासून बघत होते. ते म्हणाले, "सायेब, भाकर एकाच बाजूनं किती येळ भाजायची? उलथा की."

साहेबांनी उलथली. रेघ धाडकन खड्ड्यात गेली. पहिला रिपोर्ट फाडला गेला आणि दुसरा माझ्या अक्षरात लिहून घेतला गेला. "घाईघाईत तुझ्याकडून झालं असं समजू," साहेब म्हणाले.

*

आयआरच्या आतल्या काही काचा चक्क मिठाच्या असतात. दमट हवेत त्या पाघळतात, म्हणून पावसाळाभर त्या खोलीत बल्ब जळत ठेवायचे. ऐन आषाढात आख्ख्या लोणावळ्यात कोरडी अशी ती एकच खोली. साहेबांच्या लक्षात हे आलं मात्र, घरून सामान यायला लागलं. आधी धोतरं आली, मग सर्दावलेले उडदाचे पापड. आयआरच्या झाकणावर वर्तमानपत्र, त्यावर पापड.

त्या दिवशी रेघेवर बारीक काटे उठले.

"हे काटे कसले रे?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याच्या वाफेचे."

"खोली तर कोरडी आहे."

"खोली कोरडी आहे साहेब. पापड ओले आहेत."

"आन धोतर बी," आबा म्हणाले.

साहेबांनी पापड हलवले नाहीत. रिपोर्टात मला 'हवामान प्रतिकूल' असं लिहायला लावलं.

*

मग काही दिवस कोऱ्या पत्र्यावरही तेलाचा खड्डा दिसायला लागला. साहेबांनी पत्रा पुरवणाऱ्याला खरमरीत पत्र धाडलं: तुमचा माल तेलकट आहे. त्यांचा माणूस धावत आला. मी त्याच्यादेखत एक तुकडा चिमट्याने ठेवला. रेघ सरळ.

"आता साहेब, तुम्ही ठेवा," मी म्हणालो.

साहेबांना सवय होती, काहीही करण्याआधी डोक्यावरून हात फिरवायची. फिरवला. तुकडा उचलला, ठेवला. रेघ खड्ड्यात. अर्ध्या खोलीला खोबरेल तेलाचा वास येत होता.

साहेब माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. प्रयोगशाळेत एवढं काम पुन्हा कधी झालं नाही.

*

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. मला कायम करण्याचा कागद त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता. "दसरा झाला की सही करतो," ते म्हणाले होते. "मुहूर्त चांगला."

साहेबांनी तराजूला कुंकू लावलं, भट्टीला लावलं, आयआरला झेंडूचा हार घातला. मग आरसापेटीबरोबर आलेला खास आरसा ताटात घेतला. नमुन्याआधी तो पेटीच्या खिडकीवर ठेवून पेन कागदावरच्या शंभराच्या खुणेवर आणायचं, मगच पुढचं माप खरं. त्याचा चकाकता मुलामा काचेच्या मागे नसतो, वर उघडाच असतो. बोटसुद्धा लावू नये, असं पेटीबरोबर आलेल्या पुस्तकात ठळक छापलेलं.

साहेबांनी त्यावर ओल्या बोटाने हळद लावली. मग कुंकू. वर फूल.

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण कागद टेबलावर होता. दोन वर्षांत त्या माणसापुढे मी तेवढा एकदाच गप्प बसलो.

"का रं, आज लय गप?" आबांनी विचारलं.

"सण आहे आबा."

दसऱ्याची सुट्टी संपून कामावर गेलो, तर साहेब माझ्या आधीच आलेले. हळदीचा डाग निघेना म्हणून त्यांनी आबांना रांगोळी आणायला लावली होती आणि स्वतःच्या हाताने, देवाची भांडी घासावीत तसा, तो आरसा घासला होता. मी आत शिरलो तेव्हा ते तो खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरून उभे होते.

"बघ," ते म्हणाले. "काय लख्ख झालाय. आरपार दिसतंय."

दिसत होतंच. पलीकडे आबा उभे होते.

"सायेब," आबा म्हणाले, "आरशात मानूस आपलं त्वांड बगतो. तुमास्नी ह्यात माजं दिसतंय."

दुपारी मुंबईला पत्र गेलं: सहाय्यकाच्या निष्काळजीपणामुळे आरसा निकामी झाला. त्या पत्रावर साहेबांनी सही केली. माझ्या कागदावर केली नाही. महिनाअखेर माझी नोकरी गेली.