वाकलेल्या मानेची सुरई

भट्टीवर त्याला सगळे बगळा म्हणायचे. एक तर गडी उंच नि लुकडा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या हातून उतरणाऱ्या लांब, बारीक मानेच्या सुरया. फुंकनळीच्या टोकाला तापल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकायचा, मग नळी उभी लोंबती धरायची. गोळा आपल्या वजनानं खाली ओघळतो, मान ताणत जाते. ती घट्ट व्हायला लागली की नळी फिरवत वर उचलायची. जरा लवकर उचलली तर मान वाकते, उशीर झाला तर नको तेवढी लांबते. हे गणित बगळ्याच्या मनगटात होतं, डोक्यात नव्हतं.

तोंडानं मात्र फटकळ. शेजारी त्याचा धाकटा भाऊ जाड बुडाचे वाडगे फुंकायचा. एखादा बिघडला नि धाकटा म्हणाला, "आज काचच बरी नाही," की बगळा सगळ्यांदेखत ओरडायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळी भट्टी खो-खो हसायची.

एकच भीती त्याला होती. त्याचा बापही नळीवरचाच माणूस. म्हातारपणी बापाचे हात कापायला लागले, तरी त्यानं नळी सोडली नाही. शेवटी मुकादमानं चारचौघांत दंडाला धरून उठवलं. बगळा तेव्हा तिथंच उभा होता. कुणी ऊठ म्हणायच्या आत आपण उठायचं, ही गाठ त्यानं तेव्हाच मारली.

मग भट्टीची ज्योत बदलली. हवेऐवजी तिला नुसता ऑक्सिजन द्यायला लागले. धूर गेला, भट्टी चांगली पेटू लागली, सगळे खूश. आणि बगळ्याच्या सुरया माना टाकायला लागल्या. वर उचलेस्तोवर सरळ, उचलली की कलली. धाकट्याच्या वाडग्यांना काही झालं नाही. त्या जाडजूड ठोंब्यांना काय होणार!

"दादा, मला वाटतं काच बदललीय," धाकटा हळूच म्हणाला.

बगळ्यानं हातातली वाकडी सुरई फुटक्या काचेत फेकली. जन्मभर दुसऱ्याला मारलेला टोमणा आता स्वतःच्या अंगणात येऊन पडला होता. काचेला नाव कुठल्या तोंडानं ठेवणार? आपलं वय बापाच्या तेव्हाच्या वयाला टेकलं, एवढंच त्याला दिसलं.

त्या आठवड्याअखेरीस त्यानं नळी भिंतीला टेकवली आणि फुटकी काच निवडायच्या ढिगावर जाऊन बसला. शेवटची वाकडी सुरई घरी नेली. बायकोनं तिच्यात तेल भरलं.

"अहो, ही बरी आहे की! वाकडी आहे म्हणून ओतताना सांडत नाही."

त्या दिवशी तो जेवला नाही.

वर्ष-दीड वर्षानं काच तपासायला एक बाई आल्या. नव्या कारागिरांच्या हातूनही सुरयांच्या बारीक माना वाकत होत्या. चार दिवस त्यांनी काचेचे तुकडे नेले-आणले आणि मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काचेत पाणी मुरलंय."

"ह्या आगीत पाणी?" बगळा ढिगावरूनच हसला.

"हो काका. ज्योत जळते तशी वाफ होतेच. आधी बाकीच्या हवेत ती पातळ व्हायची, आता भट्टीत वाफच वाफ. ती वितळल्या काचेत शिरते. काच म्हणजे एकमेकांचे हात धरून उभी असलेली गर्दी समजा. पाणी शिरतं तिथं हात सुटतात, मग काच लवकर ओघळते नि उशिरा घट्ट होते."

"असं किती पाणी असेल?"

"हजार किलोत जेमतेम अर्धा किलो. पण सुरुवातीला शिरतं ते थोडंसं पाणीच काचेला सगळ्यात जास्त सैल करतं."

"मग आता उपाय?"

"गोळा जरा जास्त निवू द्यायचा, मग लोंबवायचा. एवढंच."

एवढंच. बगळा हातातली काच हातातच धरून बसला.

बाई गेल्यावर धाकट्यानं भिंतीशी टेकवलेली नळी पुसली आणि पुढे केली. "दादा, घे."

बगळ्यानं गोळा घेतला, निवू दिला, फुंकला, लोंबवला. मान ताणली, घट्ट व्हायला लागली. काच अगदी शहाण्यासारखी वागली. पण नळी वर फिरवताना मनगट थरथरलं, आणि मानेवर लाटा उठल्या.

"हात बसला नाही अजून. पुन्हा घे," धाकटा म्हणाला.

दुसरी. तिसरी. लाटा तशाच. हात सुटलाय की बापाचा कंप आलाय, हे आता सांगणार कोण?

"दादा, भट्टीच अजून नीट..."

"गप रे," बगळा म्हणाला. "अंगण सरळ आहे."

त्यानं नळी धाकट्याच्या हातात दिली आणि ढिगाकडे गेला. कुणी त्याला ऊठ म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा उठला तेव्हाही म्हटलं नव्हतं.