गोमारच्या सख्ख्या डिस्का

गोमार माझा शेजारी. त्यानं जन्मभर लोकांच्या घरांत फरशा बसवल्या, मी अँटवर्पच्या बंदरात पोती वाहिली. आता दोघांचे गुडघे निवृत्त आहेत. माझे बाकावर बसतात, त्याचे अजून कबूतरांच्या ढाबळीची शिडी चढतात.

आमच्या लीर गावात कबूतरं शर्यतीसाठी पाळतात. नर-मादीची जोडी लावण्याआधी डोळे बघायचे, बुबुळाच्या कडेचा रंग बघायचा. गोमारकडे प्रत्येक पाखराच्या डोळ्याचा फोटो होता, खापरपणजीपर्यंतच्या कुळीसकट. सगळं जिन्याखालच्या सर्व्हरमध्ये. जोड्या नाताळात लावायच्या, त्या फोटोंवरूनच. जोडी चुकली की वर्ष वाया.

"एका डिस्कवर विसंबणारा मूर्ख," तो म्हणायचा. "मी दोन लावल्यात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी आहेच."

दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच खोक्यातल्या. जोडीवर सूट होती.

डिसेंबरात एक मेली. गोमार डगमगला नाही. तिच्या जागी नवी बसवली, उरलेलीवरून नक्कल सुरू केली आणि आम्ही मटारचं सूप प्यायला बसलो. वाडगी रिकामी व्हायच्या आत जिन्याखालून खरखर ऐकू आली. मग टकटक. मग काहीच नाही. उरलेलीही गेली.

गोमार पांढराफटक. त्याची बायको खोडेलीव्ह चमचा खाली न ठेवता म्हणाली, "सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावतोस का रे तू कधी?"

"वेड लागलंय का? एकात जी खोट तीच दुसरीत, मग पिल्लं..." तो थांबला.

"मग ह्यांची कशी लावलीस?"

"अगं, त्या डिस्का आहेत!"

"एकाच घरट्यातल्या."

त्यानं डोकं धरलं. "आधीची लहान डिस्क कुठंय? भरली म्हणून काढलेली?"

"ती होय. पिशवीत गुंडाळून ढाबळीतल्या पाण्याच्या भांड्याखाली सरकवली. डुगडुगत होतं. तुला सांगून थकले."

गोमार शिडी असा चढला की मी खालून डोळे मिटले. पिशवीवर विष्ठेचा थर होता. फरशी खरवडायच्या पात्यानं त्यानं तो काढला, घाई न करता. काम चोख. डिस्क जोडली. फिरली.

गेल्या वर्षापर्यंतचं सगळं निघालं. फक्त यंदाची पिल्लं नव्हती. म्हणून रविवारभर त्यानं फोटो काढले आणि पाखरं मी धरली. पाय दोन बोटांत, अंगठा पंखांवर. सैल धरलं तर उडतं, घट्ट धरलं तर गुदमरतं. पोतं बरं. पोतं बाहीवर शिटत नाही.

"परत धर. पापणी मिटली."

"माझी पण मिटायला आलीय."

संध्याकाळी त्यानं एक बियर पुढं केली.

"एकच?"

"जोडीवर आता सूट नाही."

सध्या त्याच्याकडे दोन डिस्का आहेत, वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या गावांतून आणलेल्या. तिसरी माझ्या कपाटात असते. त्याचं घर जळालं तरी कबूतरांची कुळी राहावी म्हणून. ती ठेवायला आला तेव्हा त्यानं कपाटात डोकं घालून वास घेतला, भिंतीला हात लावून ओल पाहिली.

"मांजर नाही ना?"

"गोमार, डिस्क आहे ती."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि जाताना कपाटाचं दार थोडं उघडं ठेवून गेला, हवा लागावी म्हणून.