दुसऱ्या स्क्रीनला माल दिलेलाच न्हाई

मंडळी, सकाळपासून वाटूरच्या घरी खोलीत अडकून पडलोय. एका व्यापाऱ्यासाठी मोसंबीचं अ‍ॅप करून राह्यलो. पहिल्या स्क्रीनवर माल निवडायचा, दुसरीवर त्याची माहिती दिसायची. संध्याकाळी व्यापारी बघायला येणार, अन् कोड तपासणारा कंपायलर एकच धरून बसला: दुसऱ्या स्क्रीनला माल दिलेलाच न्हाई!

अरे बाबा, पहिलीवरून बराबर पाठवलाय की! मंग "माल नसला तरी चालेल" असं करून पाहिलं. तर जिथं जिथं माल वापरला, तिथं नव्या एरर. परत होतं तसं केलं.

तेवढ्यात माय आली. "शेजारच्या काकूचा डबा परत द्यायचाय, त्यात काय टाकू?"

"दे तसाच! अन् आता मला कोणी त्रास देऊ नका."

"रिकामा डबा कुणी देत असतं का? चिमूटभर साखर टाकते."

ती गेली अन् माझी ट्यूब पेटली. स्क्रीन कशी दिसते ते बघायला फाईलच्या तळाशी प्रिव्ह्यू असतो. तिथं मीच दुसऱ्या स्क्रीनला माल न देता, रिकाम्या हातानं बोलावलं होतं. एरर तिथलीच! नमुन्याची खोटी मोसंबी दिली, एरर गायब.

आनंदात चहाला उठलो, तर दार उघडंना. कोणी त्रास देऊ नये म्हणून माय बाहेरून कडी लावून गेल्ती. तिचा फोन इथंच चार्जिंगला.

काकूकडून ती जल्दी येत न्हाई. आमच्या गल्लीतलं कोणी वाचत असंल, तर लाईक नंतर करा, आधी कडी काढा.