खांब अजून ट्रॉलीतच हाईत

मंडळी, आज दुपारी शेताची सरकारी मोजणी झाली अन् तवापासून तोंड लपवून राह्यलो.

शेजारचे दगडूनाना दरसाली नांगरताना आमचा बांध कोरतात, असं मी पारावर बसून साऱ्या गावाला सांगत होतो. मोजणीही मीच मागवली. मला तर इतकी खात्री, की नानांची हद्द मागं सरकली की लगेच कुंपण घालावं म्हणून सकाळीच ट्रॉली भरून सिमेंटचे खांब नेले.

मोजणीवाल्यानं हद्दीची खूण केली ती माझ्या मोसंबीच्या बागेत! बांधाकडची अख्खी ओळ नानांच्या जमिनीत निघाली. म्हणजे बांध कोरला तो आम्हीच.

नाना झाडांकडं बघून म्हणाले, "खांब आणलेच हाईत, तर हाय त्या बांधावरच लाव. फळावर आलेलं झाड तोडायचं न्हाई, बाबा."

"न्हाई नाना, जमीन तुमची हाय," एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी नुसतं "बरं" म्हणलो. माफीसुद्धा मागितली न्हाई. उलट मनात हायसं वाटलं, त्याचीच जास्त लाज वाटून राह्यली.

खांब अजून ट्रॉलीतच हाईत. माझ्या जागी तुम्ही असता, तर कुठं लावले असते? खरं सांगा.