न पुसलेलं तेल

दर उन्हाळ्यात ती जुनी लष्करी बंदूक स्तामेनाच्या घरातल्या खुंटीवरून खाली उतरायची. सासऱ्यांनी ती लढाईतून आणली होती. तिचा नवरा ल्युबिसाव असेपर्यंत मागच्या लाकडी दस्त्याला तेल चोळायचं काम त्याचं. तो गेल्यापासून ते स्तामेनाकडे आलं. थोरले दीर ओब्राद उतारावरच्या खालच्या घरात राहायचे. ते येऊन नळी, खटका, स्क्रू सगळं सुटं करायचे आणि अक्रोडाचा दस्ता तिच्यापुढे ठेवायचे. "लोखंड माझं, लाकूड तुझं," एवढं बोलून निघून जायचे.

यंदा मात्र काम नेहमीसारखं नव्हतं. तिच्या मुलाचं, मिलेताचं लग्न ठरलं होतं. त्या डोंगराची रीतच अशी की नवरीच्या अंगणात उंच काठीच्या टोकाला सफरचंद बांधतात आणि वराकडच्यांनी ते गोळीने पाडल्याशिवाय नवरीला बाहेर काढत नाहीत. या घराण्यातलं प्रत्येक सफरचंद ओब्रादनी पाडलेलं होतं. सगळा गाव बघायला येणार. नेम चुकला की गावाच्या जिभा मोकळ्या, आणि त्या मग माणूस मेला तरी थांबत नाहीत.

देवमातेच्या उपासाचे दिवस होते. स्तामेना सकाळी देवमातेच्या तसबिरीपुढचा दिवा लावायची, डोकं टेकवायची आणि दस्ता घेऊन ओसरीवर बसायची. वर्षानुवर्षांचे हात, धूर आणि डुकराची चरबी लाकडात मुरून ते काळं झालं होतं. तिने खडूची पूड घेतली, भट्टीतून पहिल्या धारेला निघालेल्या, पिता न येणाऱ्या जहाल दारूत ती कालवली आणि तो लेप दस्त्याला थापला. उन्हात वाळता वाळता पांढरा लेप पिवळा पडला, मग तपकिरी झाला. आतली चरबी वर येत होती. लेप खरवडायचा, नवा थापायचा. लाकूड घासून काढणं सोपं होतं, पण घासलं की अंगच झिजतं, असं ल्युबिसाव सांगायचा.

"मला पेलाभर देताना हात आखडतेस," ओब्राद कुंपणापलीकडून ओरडले, "आणि लाकडाला बाटलीच्या बाटली पाजतेस!"

"लाकूड पिऊन गाणी म्हणत नाही, भावजी."

"म्हणूनच त्याला कोणी लग्नाला बोलवत नाही!"

"बंदुकीचा दस्ता आहे तो. त्याच्याशिवाय लग्न लागेल का?"

ओब्राद खो खो हसले.

पोचे उठवायला तिने ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली. वाफ शिरली की दबलेलं लाकूड हळूहळू फुगून वर येतं. गालापाशी एक खळगा होता, तेवढा मात्र तिने सोडला. "तिथे माझा गाल बसतो, हात लावू नकोस," असं ओब्रादनी बजावलं होतं.

एका दुपारी ते काम पाहायला आले. शेवटचा लेप नुकताच वाळला होता. दस्ता टोकापासून टोकापर्यंत पिठात लोळलेल्या मांजरासारखा पांढराफटक होता. ओब्रादनी तो हातभर लांब धरला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वा! आरशासारखा चमकतोय. तेल बेताने लावलंस."

तेलाचा अजून थेंबही लागला नव्हता.

स्तामेनाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. मग तिला मागच्या महिन्यातलं आठवलं: पेल्याबाहेर सांडलेली दारू, शेजाऱ्याची समजून अंगणातून हाकललेली स्वतःचीच गाय. तिने विचारलं, "डोळ्यांचं बरं आहे ना?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? घार दिसते मला, घार!"

तिने दस्ता परत घेतला. आणखी बोललं असतं तर ते लग्नालाच आले नसते. मिलेताचा कूम, म्हणजे लग्नातला धर्मभाऊ स्रेतेन, चांगला नेमबाज होता. पण काही निमित्त मिळाल्याशिवाय ओब्राद आपणहून कुणाच्या हातात बंदूक देतील, ही आशा व्यर्थ होती.

लेप पुसून तिने जवसाचं तेल काढलं, तेही नेमकं शुक्रवारी.

"अगं, आज उपासाला तेल चालत नाही," ओब्रादनी टोमणा मारला.

"मला चालत नाही. दस्ता कुठे उपास धरतो?"

थेंबभर लावावं आणि तासभर पुसावं, हा ल्युबिसावचा नियम. पुसलं नाही तर तेल वाळत नाही, चिकटून बसतं. पहिले हात तिने नियमाने दिले. लाकूड मधासारखं उजळलं, आतल्या रेषा दिसू लागल्या. उपास सुटला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने दिव्यापुढे डोकं टेकवलं, जरा जास्तच वेळ. मग ओंजळभर तेल दस्त्यावर चोपडलं आणि फडकं न घेता उठली.

ओब्रादनी लोखंड जोडताना चिकट हात पुसले आणि पुढचा स्क्रू उचलला.

नवरीच्या अंगणात लोक दाटले होते. सफरचंद आभाळात ठिपक्याएवढं. ओब्राद पुढे आले, गाल खळग्यात टेकवला. बराच वेळ टेकवून उभे राहिले. कोणीतरी खोकलं. मग त्यांनी बंदूक खाली घेतली आणि गरजले, "स्तामेना! दस्ता आहे की मधाचं पोळं? गाल सोडवायला वैद्य बोलावू का?"

अंगण हसून लोळलं.

"बायकांच्या हाती बंदूक दिली की अशी फजिती! अशा चिकट्यावर नेम कोण धरणार? घे रे स्रेतेन, तुझे हात नाहीतरी बरबटलेलेच असतात."

स्रेतेनची दुसरी गोळी लागली. नवरी बाहेर आली. पंगतीत बायकांनी स्तामेनाला तेलावरून यथेच्छ छेडलं. तिने ऐकून घेतलं.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी ओब्राद ओसरीवर आले. न विचारता दस्ता मांडीवर घेतला, तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि पुसू लागले. स्तामेनाने कॉफी ठेवली.

"इथे अजून चिकट आहे," ते बोट फिरवत म्हणाले. "बोटाला कळतं."

"हो, भावजी."

"तुझ्या धाकट्या मुलाच्या लग्नाला कमी तेल लाव."

"लावीन."

"आणि बंदूक सरळ स्रेतेनच्या हातात दे."

कॉफी निवली तरी ते पुसतच होते.