नारिंगी वायर आणि माशांची मुंडकी

मुंबईची थंडी ती काय, पहाटे पंखा एका आकड्याने कमी करायचा, बस्स. पण आमच्या अंधेरीच्या सोसायटीतल्या उंदरांना तेवढीही सोसत नाही. डिसेंबर लागला की ते गाडीच्या इंजिनात मुक्कामाला येतात, उबेला बसतात आणि बसल्या बसल्या वायरी कुरतडतात. बरं, पार्किंगमध्ये इतक्या गाड्या उभ्या असतात. ह्यांना माझीच हायब्रिड आवडते!

ही गाडी मी आईसाठी घेतली. आई कोळीण. सकाळी गावच्या बंदरावर मासळी उचलायची आणि बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसायचं, हे तिचं आयुष्य. बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं, पण आमचं गाव म्हणजे मुंबईतलाच कोळीवाडा, त्यामुळे बाजार सुटला नाही. मग गुडघे गेले. लांबचं चालणं बंद झालं, आणि मासळीची पाटी दिसली की रिक्षावाला थांबायच्या ऐवजी वेग वाढवतो. बाजारात जागा रिकामी राहिली की शेजारीण आपली टोपली सरकवते, आणि काही दिवस कोणी हटकलं नाही तर जागा गेलीच. म्हणून ऑफिसच्या आधी मी आईला बंदरावरून बाजारात सोडू लागले. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये रांगतच जायचं, तर हायब्रिड बरी असा माझा विचार. ती सिग्नलला इंजिन बंद करते आणि बॅटरीवर गुपचूप सरकते.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले आणि गाडी हलेना. वर्कशॉपवाल्याने बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी दाखवल्या. मग एका जाड नारिंगी वायरीकडे बोट केलं. "मॅडम, ही बॅटरीची मेन आहे. हिला उंदराने तोंड लावलं ना, तर वाट लागली समजा."

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. तंबाखूची पानं बांधली. मिरीचा फवारा मारला, त्याने उंदीर गेले नाहीत, मीच शिंकत शिंकत ऑफिस गाठलं. फक्त उंदरांना ऐकू येईल असा आवाज काढणारं एक यंत्र लावलं. त्यांनी ऐकलं असेलही, मनावर घेतलं नाही. शेवटी इंजिनाखालच्या फटींना स्टीलची जाळी बसवली. तरी पुन्हा वायर तुटली.

एका संध्याकाळी गाडीत राहिलेला चष्मा आणायला खाली उतरले, तर आई गाडीपाशी वाकलेली. एका हाताने बॉनेटचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने ती कागदावर मांडलेली माशांची मुंडकी गाडीखाली सारत होती. भोवती सोसायटीतल्या झाडून सगळ्या मांजरी जमलेल्या.

"आये, हे काय चाललंय?"

"मांजरांना घालतंय. मांजरा बसली का उंदीर येत नाय. गावाला जाळी कशी राखली आपण?"

ते खरंच होतं. आमच्याकडे मासेमारीची जाळी ठेवायच्या खोपटात रोज मुंडकी टाकायचे, म्हणजे मांजरी तिथून हलत नसत आणि जाळ्यांना उंदीर लागत नसे. पण गावच्या मांजरींना मुंडकं म्हणजे नुसती चव, बाकी पोट उंदरांवर भरायचं. सोसायटीतल्या ह्या बायांना तिसऱ्या मजल्यावरून दूध येतं, पाचव्यावरून बिस्किटं. त्या अर्धं खायच्या, गरम बॉनेटवर ताणून द्यायच्या, आणि उरलेलं उंदीर वर इंजिनात घेऊन जायचे. म्हणजे मी जाळ्या बसवत होते आणि आई त्यांना डबा पोचवत होती. डोकं फिरायचं बाकी होतं.

ते पुढच्या खेपेला फिरलं. वर्कशॉपवाल्याने मागच्या सीटजवळची बारकी जाळी काढून दाखवली. तिच्यातून खालच्या बॅटरीला हवा मिळते. तिच्यात माशांचे वाळलेले खवले भरले होते आणि मागे उंदरांच्या लेंड्या. "मॅडम, पाटीतलं पाणी गळतं, त्या वासाने येतात ते. पाटी नाहीतर गाडी, काय ते एक ठरवा."

घरी येऊन मी नवऱ्यासमोर हेच वाक्य घसा फाटेस्तोवर ओरडले. आई आत मांदेली साफ करत होती.

दुसऱ्या दिवशी ती तयारच झाली नाही. म्हणाली, "मना नाय जावाचा बाजारान. गुडघं दुखतान."

ह्या बाईने गुडघे दुखतात हे डॉक्टरसमोरही कधी कबूल केलं नव्हतं. एक्स-रे बघूनही "फोटो वाईट आयलाय" म्हणाली होती. मी काय समजायचं ते समजले, पण तेव्हा रागात होते, एकटीच ऑफिसला निघाले. त्या आठवड्यात गाडीला वास नाही, उंदीर नाही, गाडी झकास. आणि आई खिडकीशी. पापलेट काय भावाने गेलं हेसुद्धा कोणाला फोन करून विचारेना. मला इतकं वाईट वाटलं की त्याचाही रागच आला. काही सोडायचं तर निदान भांडून सोडावं ना माणसाने!

मग एका सकाळी मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा टब आणला, मागच्या सीटवर जुनी ताडपत्री पसरली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"चल."

"तुजी गाडी खराब व्हईल गो."

"होऊ दे. गाडी काय मी उंदरांसाठी घेतली?"

बंदरावरून बाजारात पोचेपर्यंत ती झाकणाच्या टबाला नावं ठेवत होती. बाजारात तिच्या जागेवर शेजारणीची टोपली सरकलेलीच होती. आईने मला हात लावू दिला नाही. जो गुडघा म्हणे दुखत होता, त्याच पायाने तिने ती टोपली मागे लोटली आणि बसली.