तळ दिसणारं पाणी

कोणी पाणी फेकताना दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. यवतमाळात ज्याने उन्हाळे काढले, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नळ आज येणार की उद्या, या चौकशीतच आमची अर्धी उमर गेली. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी संडासात आणि पिंपाच्या तळाशी उरलेलं कूलरला, असा कायदा आहे. तो मीच केलेला. तीस वर्षं कचेरीत फाइली सांभाळल्या, पण जीव लावून सांभाळलं ते पाणीच.

म्हणून मुलीने धावून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसायचं म्हटलं, तेव्हा मी भडकलोच.

"इथं आंघोळीले पाणी नाही, अन् हिले बर्फ पाह्यजे!"

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. गोळाफेक जमत होती, लेखीची भीती नव्हती. आठशे मीटर धावण्यात मात्र दरवेळी काही सेकंद कमी पडायचे. पिंडऱ्या इतक्या भरून यायच्या की दुसऱ्या दिवशीचा सराव अर्धा वाया जायचा. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. मैदानावरच्या पोरी बर्फात बसतात, त्यांचं दुखणं उतरतं, असं ती म्हणाली. मी आणखी थोडी कुरकुर केली आणि दुसऱ्या दिवशी निळा ड्रम कापून आणला.

बर्फाची लादी शहराजवळच्या लोहारा गावातल्या बर्फ कारखान्यातून यायची. सरकीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून मी ती स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून आणायचो. गुडघे बधिर व्हायचे, पण मनातून मी खूश होतो. कारण लादी विरघळली की ड्रममधलं पाणी वाढायचं! न आलेल्या नळाचं पाणी मी लोहाऱ्याहून उचलून आणत होतो. वरचं चार बादल्या पाणी काढून कूलरमध्ये टाकायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. बदलायचा प्रश्नच नव्हता.

पाणी घाण व्हायचं, हे खरं. पोत्याचा कापूस त्यावर तरंगायचा. बायको पोरीच्या पायांना तिळाचं तेल चोळायची आणि ती तशीच ड्रममध्ये उतरायची, त्याचा तवंग यायचा. मी बायकोच्या तेलाला नावं ठेवायचो, ती माझ्या पोत्याला. मग मी उपाय काढला. जुन्या धोतराच्या फडक्याने तवंग टिपायचा, संध्याकाळी तुरटी फिरवायची आणि सकाळी रबरी नळीने तळाचा गाळ ओढून घ्यायचा. तळाला मी एक नाणं टाकलं होतं. नाण्यावरचा आकडा वाचता आला की पाणी साफ. आमच्या टाक्याचं पाणी माझे वडीलही असंच तपासायचे.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. दिवसातून दहा वेळा उठून झाकण उचलायचो. पेपर वाचता वाचता उठायचो, जेवता जेवता उठायचो. भरती जवळ येत होती आणि माझ्या हातात होतं ते एवढं ड्रमभर पाणी.

"अहो, पाणी पळून नाही चाललं," बायको म्हणायची.

एक दिवस पोरगी म्हणाली, "बाबा, ड्रमच्या कडा बुळबुळीत लागून राह्यल्या. वासही येते थोडासा."

"आकडा दिसून राह्यला ना?"

"दिसते."

"मंग? कायले बदलायचं?"

तिने पाय ड्रममध्ये घातले. बर्फात कसले किडे जगतात, असं मला वाटत होतं. पण ती त्यात रोज पंधरा मिनिटं बसायची आणि उरलेला सगळा दिवस ते पाणी उन्हाळ्यात कोमट पडून असायचं. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

भरतीला आठ दिवस उरले असताना ती तापाने फणफणली. बूट चावून टाचेला सोललं होतं, तिथे पू झाला होता, घोट्यापर्यंत सूज. ड्रमचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "ही ज्या पाण्यात बसते ते कधी बदललं होतं?" मी छताकडे पाहत राहिलो. बायकोनेच सांगितलं, "बदललंच नाही."

डॉक्टर म्हणाले, तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी दिसायला साफ असलं म्हणजे साफ असतंच असं नाही.

घरी आल्या आल्या मी तो ड्रम ब्लीचिंग पावडरने घासला, उन्हात पालथा घातला. लादी बंद केली. बाटल्यांत पाणी भरून, झाकणं घट्ट लावून त्या फ्रीजमध्ये गोठवायच्या आणि तशाच बंद ड्रममध्ये सोडायच्या असं ठरवलं, म्हणजे बाहेरचं काही पाण्यात उतरायला नको. तेल नंतर, आधी साबणाने पाय धुवायचे, दर तिसऱ्या दिवशी सगळं पाणी काढायचं, असे नवे नियम केले. भरतीच्या सकाळी नळ आला, तेव्हा पहिलं पाणी स्वयंपाकाला न देता ड्रममध्ये भरलं. धावून येईल तेव्हा तिला लागेल म्हणून.

मैदानाच्या कुंपणाबाहेर मी उभा होतो. शेवटच्या वळणावर तिचा डावा पाय वाकडा पडू लागला. फरक पुन्हा काही सेकंदांचाच राहिला.

घरी येऊन ती ड्रमपाशी पायरीवर बसली. टाचेची पट्टी ओली झाली होती. न राहवून मी विचारलं, "हे पहिल्यांदा कधी दुखलंतं?"

"ताप यायच्या पाचसहा दिवस आधी."

"अन् सांगतलं काहून नाही?"

"नळाले अजून चार दिवस होते, बाबा. तुमाले पाणी फेकावं लागलं असतं."

स्वतःचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. मी उठलो, बर्फाच्या बाटल्या अंगणात भिरकावल्या आणि ड्रमची कड दोन्ही हातांनी धरून तो कलता केला. पाणी फरशीवर पसरायला लागलं.

तिने बसल्या बसल्याच ड्रमला हात लावून तो सरळ केला.

"फेकू नका, बाबा," ती म्हणाली. "ताजं आहे. कूलरले कामी येते."